वड्या नेल्या, पोळ्या आणल्या

मित्रांनो, एका पत्राला वर्षभर उत्तर गेले नाही. ते पत्र एवढे दिवस माझ्याच झाकणावर पडून होते. त्याच्यावर आधी वर्तमानपत्रे आली, मग चष्म्याचे घर, मग गोळ्यांची पाकिटे. पण सगळ्याच्या खाली ते होतेच, आणि त्याच्याही खाली मी.

मी एक जुना पितळी डबा आहे. घट्ट झाकणाचा, वर कडी असलेला. गोष्ट सांगायची मला सवय नाही. डब्याने पोटात ठेवायचे असते, बोलायचे नसते. त्यामुळे मला हे नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

एका तांबटाने ठोकून ठोकून मला गोल केले आणि आतून कल्हई केली. कल्याणच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात मी मांडला गेलो. तिथे मला गंगुबाईंनी उचलले. त्यांनी झाकण लावून पाहिले, काढून पाहिले, मग आत तोंड घालून "आहेस का?" असे म्हटले. माझ्यातून घुमून आवाज परत आला तेव्हा त्या हसल्या आणि मला विकत घेतले.

गंगुबाईंना दोन मुले होती. थोरला उत्तम आणि धाकटी मंजुळा. मंजुळेचे लग्न ठरले होते, ती शहाडला जाणार होती. उत्तम डोंबिवलीतच राहणार होता. दुकानदार म्हणाला, दोघांना दोन डबे घ्या, जोडी आहे. पण गंगुबाईंनी एकच घेतला. दुकानदाराने बारीक छिन्नीने टिंबे पाडून माझ्या अंगावर त्यांचे नाव कोरले. घरी आल्यावर त्यांनी दोन्ही मुलांना समोर बसवले आणि सांगितले, की हा डबा दोघांचा. ज्याच्याकडे असेल त्याने काहीतरी गोड भरून दुसऱ्याच्या घरी न्यायचा. रिकामा परत द्यायचा नाही. आणि मुख्य म्हणजे अडवून ठेवायचा नाही.

गंगुबाई गेल्या, पण हा नियम राहिला. मित्रांनो, ते माझे भरभराटीचे दिवस होते. दिवाळीत मी करंज्या घेऊन शहाडला गेलो आणि बेसनाचे लाडू घेऊन डोंबिवलीला आलो. मंजुळाबाईंना जयेश झाला तेव्हा मी डिंकाचे लाडू नेले. एकदा त्यांच्या घरी आजारपण होते, काही करायला सवड नव्हती, तेव्हा त्यांनी माझ्यात दोन मुठी साखर घालून पाठवली. तरी इकडे मुलांनी "आईचा डबा आला" म्हणून उड्या मारल्याच. मला चिंचेने घासत, राखेने उजळत. माझ्यात तोंड पाहून केस विंचरता येत, एवढा मी लखलखत होतो.

मग साखरेवरच संकट आले. आधी उत्तमरावांना मधुमेह निघाला, पाठोपाठ मंजुळाबाईंना, आणि त्यांचे यजमान नामाजी यांना तर आधीपासून होताच. दोन्ही घरांत गोडाला बंदी झाली. मी कधी भाजलेले शेंगदाणे नेऊ लागलो, कधी चिवडा. त्यात वाईट काही नव्हते. पण झाकण उघडताना जो आवाज घरात उठायचा, तो उठेनासा झाला.

उत्तमरावांविषयी थोडे सांगायला हवे. ते ठाण्याला खोपटजवळच्या एका छापखान्यात मुद्रिते तपासत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका शोधल्या. आता निवृत्त होऊन मुलगा ऋतुराज आणि सून प्राची यांच्याकडे राहतात. फार अबोल माणूस. फोन वाजला की शेजारच्या माणसाच्या हातात देणारे. पत्र मात्र सुंदर लिहीत, कारण पत्र चार वेळा तपासता येते.

सासऱ्यांचे गोड सुटले याचे प्राचीला फार वाईट वाटे. ती शोधून शोधून बिनसाखरेच्या वस्तू आणू लागली. बिनसाखरेची बिस्किटे, बिनसाखरेचे चॉकलेट, मुखशुद्धीच्या गोळ्या आणि मिठाईत घालायची एक गोड पूड. उत्तमरावांना लहान मुलासारखा आनंद झाला. साखर नाही म्हटल्यावर धरबंध कसला? एका बिस्किटाची चार बिस्किटे झाली. दुपारी वाचताना चॉकलेट, प्रवासात गोळ्या.

थोड्याच दिवसांत त्यांचे पोट बिघडू लागले. पोटातला गुडगुडाट मला फडताळावर ऐकू येई. पोट फुगे, कळा येत, मग हातातले पुस्तक टाकून घाईघाईने उठावे लागे. वय झाले, असे ते स्वतःशी म्हणत. पुढे त्यांना त्याहून वाईट शंका येऊ लागल्या. पण बोलायचे कुणाशी? पत्नी हयात नव्हती. सुनेला असले सांगायचे म्हणजे काय, या विचारानेच ते लाल होत. ते गप्प राहिले आणि शरीराने अशक्त होत गेले.

अशात जयेशचे लग्न झाले. समिधा नावाची हसरी, बोलकी मुलगी शहाडच्या घरात आली. उत्तमरावांनी तिला लग्नात एक पुस्तक दिले, ते वाचून झाल्यावर तिने चक्क पत्र लिहून कळवले. ते पत्र त्यांनी किती वेळा वाचले, काही विचारू नका.

मग समिधेची पहिली संक्रांत आली. नव्या सुनेचे पहिल्या वर्षाचे सण किती कौतुकाचे असतात, हे तुम्हाला घरी विचारता येईल. काळी साडी, हलव्याचे दागिने, आणि तिच्या हातचा पहिला सणाचा स्वयंपाक. प्राचीने त्या गोड पुडीच्या तिळाच्या वड्या केल्या. मला काठोकाठ भरले. पुष्कळ दिवसांनी माझ्यात गोड होते, मित्रांनो. मला काय वाटले ते मी सांगू शकत नाही.

ऋतुराज, प्राची आणि त्यांची छोटी मुलगी सान्वी यांना सुट्टी नव्हती. उत्तमराव एकटेच मला घेऊन शहाडला गेले. मंजुळाबाईंनी झाकण उघडले आणि त्यांचा चेहरा फुलला.

"दादा, हे आम्हाला चालतं?"

"बिनसाखरेच्या आहेत. हव्या तेवढ्या खा," उत्तमराव म्हणाले. त्यांना इतक्या ठामपणे बोलताना मी क्वचितच ऐकले होते.

मग काय झाले, ते समजायला शहाणपण लागत नाही. वर्षानुवर्षे गोडाला पारखी झालेली ती माणसे. मंजुळाबाईंनी खाल्ल्या, नामाजींनी खाल्ल्या. शेजारच्या जाईबाई हळदीकुंकवाला आल्या होत्या, त्यांनाही मधुमेह. "माझ्या साखरेनं मला लय छळलंय, आज मी तिला छळते," असे म्हणत त्यांनी मूठ भरून घेतल्या. उत्तमरावांनीही सगळ्यांना साथ दिली. जेवायला समिधेने गुळपोळ्या केल्या होत्या. खुसखुशीत, कडेपर्यंत सारण गेलेल्या. गूळ म्हणून या चौघांनी अर्धी अर्धीच चाखली. जयेश आणि समिधेने पोटभर पोळ्या खाल्ल्या. वड्यांना त्यांनी हात लावला नाही. त्यांच्या जिभेला त्या वड्यांची मागाहून येणारी गार चव रुचली नाही.

संध्याकाळी निघताना नियमाप्रमाणे मी रिकामा गेलो नाही. समिधेने मला पुसून माझ्यात गुळपोळ्यांची चवड ठेवली आणि वर तुपाची छोटी वाटी. वड्या घेऊन गेलेला मी पोळ्या घेऊन आलो. ऋतुराज, प्राची आणि छोट्या सान्वीने त्या रात्रीच्या जेवणात संपवल्या.

दुसऱ्या दिवशी शहाडहून फोन आला. मंजुळाबाई, नामाजी आणि जाईबाई, तिघांचीही पोटे वाहत होती. जाईबाईंना तर सलाईन लावावे लागले. मंजुळाबाईंनी निकाल लावून टाकला होता. पोळ्यांचे सारण बाधले. नवी मुलगी, गूळ कच्चा राहिला असेल, तीळ खवट असतील. जयेश म्हणाला, आम्हीही त्याच पोळ्या खाल्ल्या की. तर त्या म्हणाल्या, तरुणांना दगड पचतात. वड्यांचा संशय कुणालाच आला नाही. त्यात साखर नव्हती ना. औषधासारखी वस्तू, ती कशी बाधेल?

इकडे उत्तमरावांनाही तोच त्रास झाला होता. पण त्यांचे पोट रोजच बिघडलेले, म्हणून त्यांनी त्याचा काही अर्थ लावला नाही, आणि घरात कुणाला सांगितलेही नाही.

वड्या कुणी खाल्ल्या आणि पोळ्या कुणी खाल्ल्या, हे दोन्ही घरांतले जुळवून पाहणारा मी एकटाच होतो. मी जिवाच्या आकांताने ओरडलो असतो. पण डब्याचा आवाज आत कुणी तोंड घातल्याशिवाय निघत नाही.

काही दिवसांनी समिधेचे पत्र आले. तेच हे पत्र. तिने लिहिले होते, 'मामा, डब्यातून दिलेल्या पोळ्या खाऊन तुमच्याकडे कुणाला त्रास झाला का? खरे असेल ते लिहा. माझी चूक असेल तर मला कळायला हवी. इथे फोनवर मोकळे बोलता येत नाही.'

उत्तमराव कागद घेऊन बसले. त्रास झाला, असे लिहावे तर पोरीवर शिक्कामोर्तब होणार. नाही झाला, असे लिहावे तर ते खोटे. मुलगा, सून आणि नात ठणठणीत होती, पण आपण स्वतः आजारी पडलो होतो, हे कसे वगळायचे? आणि लिहायचे म्हटले तर पोटाचे सगळे वर्णन एका नव्या सुनेला लिहायचे? त्यांनी लिहिले, खोडले, कागद फाडला. उद्या लिहू म्हणून पत्र माझ्यावर ठेवले. मग उद्याचे परवा झाले. जितका उशीर झाला तितकी लाज वाढली, आणि लाज वाढली तसा आणखी उशीर झाला.

शहाडला काय चालले होते, ते मंजुळाबाईंच्या फोनवरून मला कळे. प्राची फोन मोठ्या आवाजावर ठेवून भाजी चिरत असे. सुनेच्या हाताला यश नाही, असे शेजारीपाजारी बोलले जाऊ लागले होते. कुणी वाईट हेतूने बोलत नव्हते, पण बोलत होते. श्रावणात समिधेची मंगळागौर झाली. जेवण बाहेरून मागवले. गौरी आल्या, पुरण बाहेरून आले. दिवाळीचा फराळ शेजारणींनी करून दिला. समिधा नटूनथटून पाटावर बसे आणि उठून भांडी आवरी. पहिल्या वर्षाचे सण असे एकेक करून निघून गेले. मित्रांनो, ते दुसऱ्यांदा येत नसतात.

आणि मी? गंगुबाईंचा नियम मोडून मी डोंबिवलीलाच अडकलो होतो. उत्तमराव लांब कुठेच जाईनात. लोकलगाडीत संडास नसतो, ही त्यांची खरी अडचण होती, पण ती ते सांगत नसत. फोनवर मंजुळाबाई म्हणत, "दादाला विचार गं, डबा मोडीत घातला की काय?" प्राची हसून सावरून नेई. माझी कल्हई उडाली, कडेला हिरवट डाग आले. मी डबा राहिलो नाही, कागद ठेवायची एक उंच जागा झालो.

मार्गशीर्षात एक दिवस उत्तमराव वाचनालयात निघाले, तेव्हा प्राचीने ताट वाढलेले होते. ते नको म्हणाले. ती दारात आडवी उभी राहिली.

"बाबा, बाहेर जायचं असलं की तुम्ही जेवत नाही. मी कधीची बघतेय. काय होतंय?"

"काही नाही गं. पोट जरा."

"कधीपासून?"

उत्तमराव चपलेकडे बघत राहिले. "झाले पुष्कळ दिवस. तुला कसं सांगायचं असलं?"

"सान्वीचं पोट बिघडलं की तुम्ही मला दहा वेळा सांगता. स्वतःचं सांगायला मी परकी का?" तिने ताटाकडे बोट दाखवले. "बसा. आधी भात खा. मग डॉक्टरकडे. मी आज कामावर जात नाही."

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितले होते की जे जे खाता ते पाकिटासकट घेऊन या. प्राचीने इकडेतिकडे पाहिले, माझ्यावरचा ढीग बाजूला केला, आणि बिस्किटे, चॉकलेट, गोळ्या, ती गोड पूड असे सगळे माझ्यात भरले. अशा रीतीने पुष्कळ महिन्यांनी मी घराबाहेर पडलो, पण दवाखान्यात.

डॉक्टरीणबाईंनी एकेक पाकीट काढून चष्म्याजवळ नेले. मग गोड पुडीच्या पाकिटाच्या मागे, अगदी खाली, मुंगीच्या पायांएवढ्या इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवले. जास्त प्रमाणात घेतल्यास जुलाब होऊ शकतात, असे तिथे छापलेले होते. चॉकलेटवरही तेच होते.

त्यांनी समजावून सांगितले, की साखरेऐवजी वापरायचे पदार्थ अनेक प्रकारचे असतात. त्यांतले सॉर्बिटॉल, माल्टिटॉल यांसारखे काही आतड्यात पुरते शोषले जात नाहीत. ते पाणी ओढून घेतात, वायू करतात. थोडे घेतले तर बहुतेकांना काही होत नाही. कुणाला लवकर बाधते, कुणाला उशिरा. "विष नाही हो हे," त्या म्हणाल्या. "पण साखर नाही म्हणजे मोजमाप नाही, असं नसतं."

"मी जन्मभर बारीक अक्षरं वाचली, डॉक्टर," उत्तमराव हळूच म्हणाले. "एवढी वाचली नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी काही तपासण्या लिहून दिल्या आणि तोवर हे सगळे बंद करायला सांगितले. उत्तमराव माझे झाकण लावत होते. प्राची मात्र हातातल्या पुडीकडे बघत उभी होती.

"बाबा, संक्रांतीच्या वड्या मी याच पुडीच्या केल्या होत्या."

उत्तमरावांचा हात झाकणावर थांबला.

"आणि पोळ्या आम्ही खाल्ल्या," ती म्हणाली. "सान्वीनंसुद्धा. आम्हाला काहीच झालं नाही."

घरी आल्यावर प्राची स्वयंपाकघरात बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. चूक तिचीही नव्हती. प्रेमाने केलेली वस्तूही बाधू शकते, एवढेच तिला ठाऊक नव्हते.

तपासण्यांत भलतेसलते काही निघाले नाही. बिस्किटे, गोळ्या बंद झाल्या आणि उत्तमरावांचे पोट हळूहळू शांत झाले. मग साखरेला पर्याय शोधणे सुरू झाले. गुळाचा चहा करून पाहिला, तर रक्तातली साखर वर गेली. मध आणि खजूर यांचीही तीच गत, कारण रूप बदलले तरी ती साखरच. कुठल्याशा गोड पानांची पूड आणली, तिने तोंड कडू झाले. शेवटी प्राचीने चहात गवती चहा, आले आणि वेलची घालून गोडी रोज थोडी थोडी कमी केली. उत्तमराव आता बिनगोडाचा चहा पितात. सणाला मात्र खऱ्या साखरेची एक छोटी वडी, डॉक्टरीणबाईंना विचारून, चवीने खायची असे ठरले आहे. जिभेला समजूत घालावी लागते, एवढेच.

पत्र मात्र अजून गेले नव्हते. पोट बरे झाले तर खात्री पटेल, मग लिहू, असे ते म्हणत. पोट बरे झाले, तरी लिहिणे होईना. एका वर्षानंतर काय तोंडाने लिहायचे?

मग संक्रांतीच्या तोंडावर मंजुळाबाईंचा फोन आला. यंदाही पोळ्या बाहेरून आणणार, असे त्या सांगत होत्या. प्राचीने विचारले, समिधा का नाही करत?

"मी म्हटलं गं तिला, कर यंदा. तीच नको म्हणते. म्हणते, आई, माझ्या हातचं नको, कुणाला काही झालं तर." मंजुळाबाई हळूच म्हणाल्या, "पहिल्यासारखी बोलतसुद्धा नाही."

प्राचीने फोन पुढे केला. उत्तमरावांनी तो घेतला नाही. ते उठून माझ्यापाशी आले, पत्र काढून घेतले आणि टेबलाशी बसले. फोनवर मी अर्धे बोलेन आणि ती अर्धे ऐकेल, असे ते प्राचीला म्हणाले. आधी त्यांनी समिधेच्या नावाने सुरुवात केली. मग थांबून दुसरा कागद घेतला. समिधेला एकटीला कळून काय उपयोग? ज्या घरात तिला दोष लागला, त्या घरात ते मोठ्याने वाचले गेले पाहिजे. त्यांनी बहिणीला लिहिले. लिहिता लिहिता ते स्वतःशी पुटपुटत होते, म्हणून मला ऐकू आले.

'मंजू, त्या दिवशी तुमची पोटे माझ्या वड्यांनी बिघडली. सूनबाईच्या पोळीने नव्हे. तुम्ही तिघांनी वड्या खाल्ल्या, तुम्ही आजारी पडलात. मीही खाल्ल्या, मलाही जुलाब झाले, वर्षभर होत होते, आणि मी लाजेने कुणाला सांगितले नाही. माझ्या घरी तिघांनी नुसत्या पोळ्या खाल्ल्या, त्यांना काही झाले नाही. हे पत्र नामाजींना आणि जाईबाईंना समिधेसमोर वाचून दाखव. तिने मला वेळेवर विचारले होते. तिच्या पहिल्या वर्षाचे सण मला परत देता येणार नाहीत.'

'जुलाब' हा शब्द लिहिताना ते थांबले होते. त्याऐवजी दुसरा, सभ्य शब्द सापडतो का, असे त्यांनी पाहिले असावे. मग तोच ठेवला.

मित्रांनो, मी जुना डबा, तुम्हाला काय शिकवणार? तरी जाता जाता विनवतो. पाकिटावर काहीही लिहिलेले असो, खाण्याला माप ठेवा. पोट दुखले तर घरी सांगा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. घरातले आजोबा कमी जेवू लागले तर त्यांना पुन्हा पुन्हा विचारा, ते पहिल्यांदा 'काही नाही'च म्हणतील. आणि कुणी तुम्हाला कळवळून काही विचारले, तर माहीत असेल तेवढे तरी लगेच कळवा. पुरते उत्तर सापडेपर्यंत थांबू नका. तेवढ्यात कुणाचे तरी वर्ष निघून जाते.

आमच्या खिडकीतून समोरच्या कोपऱ्यावरची टपालपेटी दिसते. उत्तमराव लिफाफा हातात घेऊन तिथवर गेले. दोनदा त्यांनी पत्ता वाचला. एक माणूस मागे येऊन उभा राहिला, त्याला त्यांनी आधी पत्र टाकू दिले. तो गेल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिले, लिफाफा फटीत सरकवला आणि सोडून दिला.

हात मात्र बराच वेळ तिथेच होता.